मूल वाचनात अडकते आहे? प्रमाणपत्राआधी आणि प्रमाणपत्रासाठी काय करायचे

दुसरी-तिसरीतले मूल तोंडी उत्तरे नीट देते, पण पुस्तक पुढे आले की एकेका अक्षरावर थांबते. फळ्यावरचे उतरवताना मधली ओळ गळते. पंचवीस सांगितले की ५२ लिहिते. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो आणि घरातली मोठी माणसे ‘होईल हळूहळू’ म्हणतात. अशा मुलांपैकी काहींना विशिष्ट अध्ययन अक्षमता असते. शाळांमध्ये तिला सरसकट ‘एलडी’ म्हणतात. वाचनात अडचण असेल तर डिस्लेक्सिया, लेखनात असेल तर डिसग्राफिया आणि गणितात असेल तर डिसकॅल्क्युलिया असे तिचे प्रकार आहेत. काही मुलांना यातले काहीच नसते, पायाच कच्चा राहिलेला असतो.

हा लेख दोन्ही मुलांच्या पालकांसाठी आहे, कारण पायरीपायरीने, न घाबरवता वाचन शिकवणे दोघांनाही लागते आणि ते आज सुरू करता येते. प्रमाणपत्र लागते ते परीक्षेतल्या आणि पुढच्या शिक्षणातल्या सवलतींसाठी. अनेक पालक निदान होईपर्यंत थांबतात आणि त्यात मुलाचे वर्ष-दीड वर्ष जाते. दोन्ही कामे बरोबरीने चालवा.

१. आधी डोळे, कान आणि वह्या

डोळ्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून आणि कानांची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. पुढे मूल्यमापन करणारे केंद्र हे अहवाल मागतेच. शिवाय सौम्य श्रवणदोष असलेले मूल ‘त-थ’, ‘द-ध’मध्ये गोंधळते आणि तो गोंधळ बाहेरून डिस्लेक्सियासारखाच दिसतो.

मग गेल्या वर्षभराच्या वह्या घेऊन बसा. ‘कीती’, ‘मीत्र’ अशा वेलांटीच्या चुका मराठीत असंख्य मुले करतात, मोठेही करतात. एवढ्यावरून काही ठरवू नका. पुढच्या गोष्टी मात्र टिपून ठेवा:

- एकच शब्द एकाच पानावर तीन प्रकारे लिहिलेला
- काना-मात्रा गळणे: ‘शाळेत’चे ‘शळत’
- अक्षरांचा क्रम बदलणे: ‘कमळ’चे ‘कळम’
- जोडाक्षराचा अर्धा भाग गायब: ‘प्रकाश’चे ‘पकाश’, ‘शक्ती’चे ‘शती’
- ओळखीच्या धड्यात पहिले अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने म्हणणे
- पाहून लिहिलेले बरे, पण ऐकून लिहिलेले वाचता न येण्यासारखे

वह्या फेकू नका. तारखेसकट दहा-बारा पानांच्या प्रती काढून एका फाइलला लावा. तज्ज्ञाला पालकांच्या वर्णनापेक्षा ही पाने जास्त सांगतात.

मूल मराठी घरातले आणि इंग्रजी माध्यमातले असेल तर दोन्ही भाषांत वाचून घ्या. फक्त इंग्रजीत अडकत असेल तर कारण त्या भाषेचा सराव कमी असणे हेही असू शकते. ज्या भाषा शिकवल्या गेल्या त्या सगळ्यांत अडकत असेल तर मूल्यमापनाला उशीर करू नका.

२. शाळेशी बोला, आणि लेखी द्या

वर्गशिक्षकांना भेटताना ‘आमच्या मुलाला काहीतरी आहे’ असे मोघम बोलून काही हाती लागत नाही. फाइल दाखवा आणि नेमक्या चार-पाच गोष्टी मागा. यातल्या कशालाही प्रमाणपत्र लागत नाही:

पुढच्या बाकावर जागा. तयारीशिवाय वर्गासमोर मोठ्याने वाचायला न लावणे. फळ्यावरचे उतरवायचे राहिले तर फोटो किंवा मित्राची वही मिळणे. विज्ञान-इतिहासाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण न कापणे. दहा गणितांऐवजी पाच, पण पूर्ण पायऱ्यांसह.

भेटीनंतर याच मागण्यांचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तोंडी ठरलेले शिक्षक बदलले की विसरले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यानुसार शिकवण्यात बदल करणे ही शासनमान्य शाळांची जबाबदारी आहे. अर्जात या कलमाचा उल्लेख एका ओळीत करा. सूर मात्र सहकार्याचा ठेवा, तुम्हाला याच शिक्षकांबरोबर वर्षे काढायची आहेत.

जिल्हा परिषद, महापालिका किंवा अनुदानित शाळा असेल तर ‘समग्र शिक्षा’खाली समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक गट साधन केंद्राकडून येतात का, हे मुख्याध्यापकांना विचारा. डाली नावाचे चाचणीसाधनही सुचवता येईल. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ते हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केले आहे. त्यातल्या प्राथमिक चाळणीच्या प्रश्नावल्या शिक्षकांनी भरायच्या असतात. त्यातून निदान होत नाही, पण पुढे पाठवायचे की नाही ते कळते.

३. घरी रोज वीस मिनिटे वाचन

लेखातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. आठवड्यातले पाच दिवस वीस मिनिटे पुरतात. रविवारी दोन तास बसवून त्याची भरपाई होत नाही. अशा मुलांना थोडे, पण रोज आणि पुन्हा पुन्हा लागते.

लागणारे सामान: पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डे, जाड स्केचपेन, दुरेघी वही, एका ताटात पसरलेला रवा किंवा बारीक वाळू, मिनिटकाटा असलेले घड्याळ.

*पहिली ३ मिनिटे, फक्त कानांनी.* पुस्तक बंद. ‘कमळ’ टाळ्या वाजवत तोडायचे: क-म-ळ. मग ‘कमळमधला क काढला तर काय उरले?’ उत्तर ‘मळ’. ‘पाऊस’मध्ये किती तुकडे? ‘घर’ला जुळणारा शब्द? ध्वनी सुटे करता आले नाहीत तर अक्षरे पाठ असूनही शब्द जुळत नाहीत, म्हणून हे खेळ टाळू नका. मूल पाचवीत असले तरी.

*पुढची ५ मिनिटे, अक्षरांची कार्डे.* क-ख-ग-घ या क्रमाने जाऊ नका. म, क, ल, र, त, स, न, ब अशी आठ अक्षरे घ्या. लगेच शब्द होतात: कर, बस, नकल, सरबत. लिहायला फक्त काना-मात्रा नसलेले शब्द निवडायचे. मग काना: कान, नाक, मान, ताल. त्यानंतर दुसरी वेलांटी: माती, काकी, बाकी. पहिली वेलांटी मुद्दाम नंतर घ्यायची, कारण ती अक्षराच्या आधी लिहिलेली दिसते आणि उच्चार मात्र अक्षरानंतर येतो. डावीकडून उजवीकडे जाण्याची सवय पक्की नसलेले मूल तिथे हमखास गोंधळते. मग उकार, मात्रा, अनुस्वार.

दिसायला सारखी अक्षरे एकाच आठवड्यात आणू नका: घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व. एक पक्के झाल्यावर किमान दोन आठवड्यांनी दुसरे. ‘ख’ तुटक लिहिला की ‘रव’ वाचला जातो, म्हणून कार्डावर तो जोडून, ठळक काढा. नवे अक्षर ताटातल्या रव्यावर बोटाने गिरवायचे आणि गिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करायचा. नुसते गिरवून उपयोग नाही, हात आणि आवाज बरोबर चालले पाहिजेत.

जोडाक्षरांत आधी दंड गाळून होणारी घ्या: मस्त, सल्ला, पुस्तक. मग एकाखाली एक किंवा हलन्ताची: चिठ्ठी, शुद्ध. ‘र’ला स्वतंत्र महिना द्या. त्याची चार रूपे चार वेगळ्या रंगांच्या कार्डांवर: सर्प, चक्र, ट्रक, दुसऱ्या. यांतला रफार सर्वांत अवघड. ‘सर्प’मध्ये तो ‘प’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार ‘प’च्या आधी होतो, म्हणून मूल ‘सप्र’ वाचते. हा आळस नाही. प्रत्येक वेळी बोट रफारावर नेऊन ‘आधी र, मग खालचे’ एवढेच म्हणा.

*पुढची ७ मिनिटे, वाचन.* मुलाच्या इयत्तेचा धडा घेऊ नका. जिथे दहा शब्दांत एखादीच चूक होते असा मजकूर घ्या, मग तो पहिलीचा का असेना. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ती मोठ्या अक्षरात छापता येतात. स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत. साठ ते ऐंशी शब्दांचा एकच उतारा सलग तीन वेळा वाचायचा. मूल अडकले की मनात तीन आकडे मोजा, तोवर आले नाही तर शब्द सांगून टाका आणि पुढे जा. ‘आठव, काल सांगितलं होतं’ हे वाक्य पूर्ण बंद. अंदाजाने वेगळाच शब्द म्हटला तर बोट पहिल्या अक्षरावर ठेवा, चित्राकडे बघायला सांगू नका.

*शेवटची ५ मिनिटे, लेखन.* आज वाचलेल्यांतले पाच शब्द आणि एक वाक्य. तुम्ही शब्द म्हणा, मुलाने तो तुकडे करत मोठ्याने म्हणत लिहायचा. चूक झाली तर लाल फुली नको. बरोबर शब्द शेजारी लिहा आणि मुलाला दोन्ही ताडून फरक शोधू द्या. एकच शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. तिसऱ्या वेळेपासून हात आपोआप चालतो आणि चुकीचे असेल तर चुकीचेच पक्के होते. डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका, वही फक्त उजवीकडे कलती ठेवा.

दर शुक्रवारी एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते मोजून तारखेसह लिहा. आठ-दहा आठवडे नियमित करूनही आकडा जवळपास हलला नाही तर विशेष शिक्षक शोधा. तोवरची नोंद त्यांच्या फार कामाची असते.

आणि अभ्यासाव्यतिरिक्त मुलाला रोज काहीतरी वाचून दाखवा. वाचन कच्चे म्हणून शब्दसंग्रहही कच्चा राहिला तर पाचवीनंतर सगळेच विषय अवघड जातात. इतिहास-विज्ञानाचे धडे मोबाइलवर स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवा. मूल ऐकत ऐकत पुस्तकावर बोट फिरवेल.

४. आकड्यांत अडकत असेल तर

मराठी संख्यानावांत एकक आधी येतो. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात वीस आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला होता. वाद काहीही असो, अडकणाऱ्या मुलाला घरी ‘वीस आणि पाच, म्हणजे पंचवीस’ असे दोन्ही म्हणून दाखवल्याने खूप मदत होते.

आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे किंवा दहा रुपयांच्या नोटा आणि एक रुपयाची नाणी घ्या. प्रत्येक संख्या आधी मांडायची, मग म्हणायची, मग लिहायची. वही चौकटींची, एका चौकटीत एकच अंक. हातचा लिहायला वर वेगळी चौकट आखून द्या. पाढे पाठ होत नसतील तर तक्ता समोर उघडा ठेवा. गुणाकार कधी करायचा हे समजणे आधी महत्त्वाचे, सात आठे छप्पन आठवणे नंतर.

५. मूल्यमापन कोणाकडून

खासगी ठिकाणी जाणार असाल तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक या दोघांचाही भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. अहवालावर तो लिहिलेला असावा. ‘ब्रेन’ नाव असलेले महागडे कोर्स, रंगीत काचांचे चष्मे किंवा तीन महिन्यांत बरे करण्याची हमी यांवर पैसे घालवू नका. ही अडचण औषधाने जात नाही, योग्य शिकवण्याने हाताळता येते. (लक्ष टिकत नसण्याची वेगळी अडचण सोबत असेल तर तिचा विचार डॉक्टर स्वतंत्रपणे करतात.)

मूल्यमापन साधारणपणे दोन-तीन बैठकांत होते. आधी बुद्ध्यंक चाचणी: वेक्सलर, मलिनची भारतीय आवृत्ती किंवा बिने-कामत. मग वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या, बहुतेक ठिकाणी बंगळुरूच्या निम्हान्सने बनवलेला संच. त्याची एक पातळी ५ ते ७ वर्षांसाठी आणि दुसरी ८ ते १२ वर्षांसाठी आहे. मुलाचे माध्यम आणि घरची भाषा पहिल्याच दिवशी सांगा. मराठी माध्यमाच्या मुलाची वाचनचाचणी फक्त इंग्रजीत घेतली तर निष्कर्षाला अर्थ राहत नाही. चाचणीच्या आदल्या रात्री झोप पूर्ण हवी, सर्दी-ताप असेल तर तारीख बदलून घ्या आणि चाचणीची ‘तयारी’ करून घेऊ नका.

बुद्ध्यंक साधारण ७० ते ८४ मध्ये आला तर मूल सहसा या प्रमाणपत्रात बसत नाही. हे ऐकून पालक खचतात. पण तिसऱ्या पायरीतले सगळे त्या मुलालाही तितकेच लागते, ते थांबवू नका.

६. प्रमाणपत्र

खासगी अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी असतो, परीक्षा मंडळासाठी सरकारी प्रमाणपत्रच लागते. त्यासाठी शासकीय किंवा महापालिकेचे वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर जिल्हा रुग्णालय. मुंबईत शीव आणि केईएम रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेचे स्वतंत्र विभाग आहेत. इतरांनी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जवळचे केंद्र कोणते ते विचारावे. केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा असतो.

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षे पूर्ण होण्याआधी प्रमाणपत्र मिळत नाही. ते १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा करून घ्यावे लागते आणि १८ व्या वर्षीचे कायमचे धरले जाते. इथे बरेच जण फसतात: चौथीत काढलेले प्रमाणपत्र दहावीला चालेल असे गृहीत धरतात आणि फॉर्म भरताना मुदत संपल्याचे कळते. केंद्रांवर प्रतीक्षा काही महिन्यांची असू शकते, म्हणून तेरावे वर्ष लागले की नाव नोंदवा.

सोबत न्यायची कागदपत्रे, मूळ आणि दोन प्रती:

- मुलाचे आणि एका पालकाचे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा
- जन्मदाखला
- शाळेचे बोनाफाइड आणि अडचणींचे वर्णन असलेले मुख्याध्यापकांचे सही-शिक्क्याचे पत्र
- गेल्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तके
- वह्यांची फाइल
- डोळ्यांचा आणि कानांचा अहवाल
- आधीचे मूल्यमापन आणि विशेष शिक्षकांच्या नोंदी
- पासपोर्ट आकाराचे फोटो

आधारवर ‘अथर्व’ आणि शाळेत ‘अथर्वा’ अशी तफावत असेल तर आधी ती दुरुस्त करा. प्रमाणपत्र हातात पडताच तिथेच उभे राहून नाव, जन्मतारीख, अपंगत्वाचा प्रकार, टक्केवारी आणि मुदत वाचा. टक्केवारी महत्त्वाची आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ५ टक्के आरक्षण आणि सरकारी नोकरीतल्या आरक्षणाची पात्रता असे कायद्यातले लाभ मिळतात.

प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल ही भीती खरी आहे, खेड्यात जास्तच. ते कोणाला दाखवायचे हे तुमच्या हातात आहे. शाळा आणि मंडळ सोडून इतर कोणाला सांगण्याची सक्ती नाही.

मुलाला मात्र सांगा, आणि चाचणीआधीच. ‘तुझा मेंदू अक्षरं वेगळ्या रीतीने शिकतो, म्हणून आपण वेगळ्या रीतीने शिकणार आहोत’ एवढे आठ वर्षांच्या मुलाला पुरते. न सांगितले तर ते स्वतःच ‘मी ढ आहे’ असा निष्कर्ष काढते.

७. दहावी-बारावीच्या सवलती

सवलत आपोआप लागू होत नाही. शाळेने प्रस्ताव विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळे आहेत. नववीच्या शेवटी मुख्याध्यापकांकडे प्रमाणपत्र द्या, दहावीच्या सुरुवातीला प्रस्ताव गेला का ते विचारा आणि मंजुरीपत्राची प्रत स्वतःकडे ठेवा. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर ती दाखवावी लागू शकते.

जादा वेळ तासाला २० मिनिटे असतो. म्हणजे भाषेच्या तीन तासांच्या पेपरला एक तास आणि गणित-विज्ञानाच्या दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे. याशिवाय लेखनिक, भाषेतली सूट, गणितात सोपा पर्याय किंवा गणकयंत्र अशा सवलती असतात. मुलाला जे लागते तेच मागा. गणितात सोपा पर्याय घेतला तर पुढे विज्ञान शाखा, अभियांत्रिकी किंवा वाणिज्यातल्या काही अभ्यासक्रमांची दारे बंद होऊ शकतात, म्हणून अकरावीत काय घ्यायचे ते आधी ठरवा. केंद्रीय मंडळ (सीबीएसई) आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे नियम वेगळे आहेत. मुक्त विद्यालयात पाच वर्षांत नऊ संधींत विषय सुटे सुटे उत्तीर्ण होता येते, हा काही मुलांसाठी खरोखर चांगला मार्ग ठरतो.

लेखनिक मुलापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. तो परीक्षेच्या आदल्या दिवशी शोधू नका. उत्तर तोंडी सांगणे हे वेगळे कौशल्य आहे आणि सरावाशिवाय ते जमत नाही: वाक्य पूर्ण करून सांगणे, विरामचिन्हे सांगणे, आकृतीतला भाग शब्दांत मांडणे, लिहिलेले परत वाचून घेणे. सहामाहीपासून त्याच लेखनिकाबरोबर, पूर्ण वेळ लावून, दर विषयाचे किमान दोन पेपर सोडवून घ्या. तो आजारी पडला तर दुसऱ्याचीही मंजुरी आधीच मागून ठेवा.